वाचकांचे प्रश्न : वाणिज्य खात्याच्या दप्तरात आजोबांचा अर्ज

प्रश्न : आमच्या आजोबांचा काचेच्या बाटल्या आणि कंदिलाच्या चिमण्या यांचा व्यापार होता. त्यांच्या जुन्या हिशेबाच्या वहीत ‘दिल्लीच्या वाणिज्य खात्यास अर्ज पाठविला, 1931’ अशी एक ओळ सापडली. हा अर्ज आज कोठे पाहायला मिळेल? राष्ट्रीय अभिलेखागाराच्या ‘अभिलेख पटल’ या संकेतस्थळावर आजोबांचे नाव घालून शोधले, पण काहीच निघाले नाही.
– एक वाचक, कराड

उत्तर : नावाने काही निघाले नाही, यात नवल नाही. सरकारी दप्तर माणसांच्या नावाने लावलेले नसते, ते खाते, शाखा, वर्ष आणि विषय या क्रमाने लावलेले असते. त्यामुळे आजोबांचा अर्ज शिल्लक असेल, तर तो ‘काच’ किंवा ‘आयात जकात’ अशा विषयाच्या फाइलीत इतर पाचपन्नास अर्जांच्या गठ्ठ्यात असण्याचा संभव अधिक.

खात्याचे नावही त्या-त्या सालाप्रमाणे धरावे लागते. 1879 पासून वाणिज्याचा कारभार अर्थ खात्याला जोडलेला होता. 1905 साली कर्झनच्या कारकिर्दीत ‘वाणिज्य व उद्योग’ असे वेगळे खाते निघाले आणि 1921 साली त्यातून उद्योग बाजूला काढण्यात आले. म्हणजे 1931 च्या अर्जासाठी नुसते ‘कॉमर्स डिपार्टमेंट’ पाहावे. हीच चौकशी 1912 सालची असती, तर ‘कॉमर्स अँड इंडस्ट्री’ या नावाखाली पाहावे लागले असते. हे कागद नवी दिल्लीत जनपथावरील राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत.

तुमच्या ओळीतले साल मात्र फार बोलके आहे. तळेगावचा पैसा फंडाचा काच कारखाना 1908 पासून आणि ओगल्यांचा कारखाना 1916 पासून चालू होता, आणि जपान व चेकोस्लोव्हाकियातून येणाऱ्या स्वस्त मालाने देशातले सारेच काचवाले हैराण झाले होते. काच उद्योगाला जकातीचे संरक्षण द्यावे की नाही, याची चौकशी याच सुमारास टॅरिफ बोर्डाकडे सोपविण्यात आली. बोर्डाने 1932 साली संरक्षणाच्या बाजूने शिफारस केली, पण सरकारने ती तीन वर्षे भिजत ठेवून 1935 साली फेटाळली. काचेला लागणारा सोडा अॅश परदेशातून आणावा लागतो, तेव्हा हा उद्योग संरक्षणाच्या कसोटीला उतरत नाही, असे कारण देण्यात आले. बोर्डाला मात्र वाळू देशात मिळते ही गोष्ट अधिक महत्त्वाची वाटली होती. शेवटी सोडा अॅशवरील जकातीत सवलत देऊन बोळवण झाली. (या तीन वर्षांतला बहुतेक काळ वाणिज्य खाते सांभाळणारे सर जोसेफ भोर हे जन्माने नाशिकचे होते.)

आजोबा व्यापारी होते, कारखानदार नव्हते, ही गोष्ट शोधताना विसरू नका. कारखानदाराला जकात वाढायला हवी असते. आयात माल विकणाऱ्याला ती नको असते, आणि देशी माल विकणाऱ्याचे गणित आणखी निराळे असते. त्यामुळे ‘संरक्षण’ याच शब्दाला चिकटून न राहता ‘ग्लास’, ‘ग्लासवेअर’, ‘टॅरिफ बोर्ड’, ‘रिप्रेझेंटेशन’, ‘मेमोरियल’ हे शब्द इंग्रजी लिपीत आणि 1930 ते 1935 अशी मुदत घालून शोधा. गावांची स्पेलिंगे त्या काळची घ्या. पुण्यासाठी ‘पूना’ घातल्यावर जे निघते, ते आजच्या स्पेलिंगने निघेलच असे नाही.

फाइल हाती आली, तर अर्ज वाचून थांबू नका. माझ्या मते खरा ऐवज टिपण्यांत असतो. अर्जदाराला पोचीच्या दोन ओळी जातात, आणि आत मात्र कारकुनापासून सचिवापर्यंत प्रत्येकाने आपले मत आद्याक्षरी सहीनिशी मांडलेले असते. हेही सांगायला हवे की किरकोळ ठरलेले कागद ठराविक मुदतीनंतर नष्ट केले जात. फाइल न मिळाल्यास टॅरिफ बोर्डाचे छापील अहवाल आणि त्यांसोबतचे साक्षीपुराव्याचे खंड पाहा. तेथे अर्जदारांची निवेदने छापलेली असतात.

प्रश्न : वडिलांना 1974 साली यंत्राच्या सुट्या भागांसाठी आयात परवाना नाकारला गेला. त्याची फाइल मागता येईल का?
– एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : मागता येईल. तेव्हा परवाने 1947 च्या आयात-निर्यात नियंत्रण कायद्याखाली मुख्य नियंत्रकांच्या कार्यालयातून दिले जात. त्याच कार्यालयाचे 1991 साली विदेश व्यापार महासंचालनालय झाले, म्हणून माहिती अधिकाराचा अर्ज तेथे करावा. माहिती अधिकार कायद्याच्या कलम 8(3) प्रमाणे वीस वर्षांपूर्वीच्या घटनेची माहिती देताना नकाराची बहुतेक कारणे लागू होत नाहीत. देशाची सुरक्षितता, विधिमंडळाचे विशेषाधिकार आणि मंत्रिमंडळाचे कागद एवढे अपवाद राहतात. अर्जात फाइलीबरोबरच ‘फाइल नष्ट केली असल्यास त्या नोंदीची प्रत’ हीही मागणी घाला, म्हणजे ‘उपलब्ध नाही’ एवढ्या दोन शब्दांवर तुमची बोळवण करणे कार्यालयाला अवघड जाईल. परवान्याच्या अर्जाचा क्रमांक किंवा वडिलांना आलेले नकाराचे पत्र घरात असेल, तर त्याची छायाप्रत अवश्य जोडा.