आडवं जाणारं टार्गेट आणि चार ठिकाणची रडारं

प्रश्न : फायनल इयरच्या प्रोजेक्टला डिस्ट्रिब्युटेड मायमो रडार (लांब लांब ठेवलेले अनेक ट्रान्समीटर आणि रिसीव्हर मिळून एक रडार) घेतलंय. गाइड म्हणतात एका मोठ्या रडारपेक्षा लांब लांब ठेवलेली छोटी रडारं हलणारं टार्गेट जास्त चांगलं ट्रॅक करतात. पण एकूण पॉवर तेवढीच धरली तर फायदा येतो कुठून? – एक विद्यार्थिनी, सांगली

उत्तर : फायदा पॉवरचा नाहीच, कोनाचा आहे. डॉपलरवरून, म्हणजे परत आलेल्या लहरीची फ्रिक्वेन्सी किती सरकली (शिफ्ट) यावरून, वेग कळतो खरा, पण फक्त जवळ येण्याचा किंवा लांब जाण्याचा. 10 गिगाहर्ट्झचं रडार धरा, गाडी सेकंदाला 30 मीटरने सरळ अंगावर आली तर शिफ्ट मिळते 2000 हर्ट्झ, आणि तीच गाडी त्याच स्पीडने समोरून आडवी गेली की शिफ्ट शून्य, म्हणजे रडारच्या लेखी ती आणि मागची भिंत सारखीच, क्लटर फिल्टर (न हलणाऱ्या गोष्टी गाळणारा) तिला खुशाल पुसून टाकतो. स्टम्पिंग बघायला लेग अंपायर लागतो ना, तसं इथे दुसऱ्या बाजूला अँटेना लागतो.

दुसरं म्हणजे विमानाचा एको, म्हणजे त्याच्यावर आपटून परत येणारा सिग्नल. नाक जरासं वळलं तरी तो धपकन पडतो. 4 ट्रान्समीटर आणि 4 रिसीव्हर असले, प्रत्येक ट्रान्समीटरचा सिग्नल वेगळा ओळखता आला, तर ट्रान्समीटर-टार्गेट-रिसीव्हर अशा 16 वाटा मिळतात आणि सोळाच्या सोळा एकदम कमजोर पडणं अवघड. फिशलर, हैमोविच, ब्लम वगैरे मंडळींनी 2004 ते 2006 च्या पेपरांत हेच मांडलं, ते आधी वाचा. (तसं ट्रान्समीटर एकीकडे आणि रिसीव्हर दुसरीकडे ही आयडिया जुनीच, 1935 मध्ये इंग्लंडात डॅव्हेंट्रीला बीबीसीच्या ट्रान्समीटरवरच विमान पकडून दाखवलं होतं.)

आता डोकेदुखी. घड्याळं जुळली पाहिजेत, 1 नॅनोसेकंद चुकलं की अंतरात 30 सेंटिमीटरचा घोळ, आणि फेज (वेव्ह तिच्या फेरीत नेमकी कुठे आहे ते) वापरायची असेल तर विषयच संपला, कारण 10 गिगाहर्ट्झला तेवढ्या वेळात वेव्ह 10 फेऱ्या मारून मोकळी होते. त्याहून वाईट म्हणजे भूत टार्गेट. प्रत्येक ट्रान्समीटर-रिसीव्हर जोडी सांगते की टार्गेट या लंबवर्तुळावर कुठेतरी आहे, आकाशात दोन विमानं असली की याचं लंबवर्तुळ त्याच्या लंबवर्तुळाला छेदतं आणि तिथे नसलेलं तिसरं विमान उगवतं. पोरं सगळा वेळ काल्मन फिल्टरवर (टार्गेट पुढे कुठे असेल याचा अंदाज बांधणारं गणित) घालवतात, पण खरी मारामारी कुठला एको कुणाचा हे ठरवण्यात आहे. त्यामुळे सिम्युलेशनमध्ये पहिल्यापासून एकमेकांना क्रॉस करणारी दोन टार्गेट टाका, एका टार्गेटवर सगळंच छान चालतं.