नास्तिक, उत्क्रांती आणि ‘मानणे’

तुमचा प्रश्न थोडक्यात असा की घरातले एक काका देवबिव काही मानत नाहीत, चारचौघांत तसं सांगतातही, पण उत्क्रांतीचा विषय निघाला की ‘माकडाचा माणूस झालेला कुणी पाहिलाय का, ती नुसती थिअरी आहे’ म्हणतात. तर मग त्यांना नास्तिक म्हणावं का, की नास्तिक या शब्दातच उत्क्रांती मानणं आपोआप आलं? आणि त्याला जोडून दुसरा, ‘माझा उत्क्रांतीवर विश्वास आहे’ हे वाक्य बरोबर का.

पहिल्याचं उत्तर आधीच देऊन टाकतो. काका नास्तिकच. त्या शब्दात उत्क्रांती येत नाही, कधीच येत नव्हती.

पाणिनीचं सूत्र आहे ‘अस्ति नास्ति दिष्टं मतिः’ (४.४.६०). ज्याची मती ‘आहे’ अशी तो आस्तिक, ‘नाही’ अशी तो नास्तिक. आता काय आहे आणि काय नाही, हे सूत्रात सांगितलेलंच नाही! पाणिनीवरच्या काशिका या जुन्या टीकेनं तिथे परलोक घातला, म्हणजे परलोक आहे असं ज्याला वाटतं तो आस्तिक, उलटा तो नास्तिक. मनुस्मृतीत तर ‘नास्तिको वेदनिन्दकः’ असं सरळच आलंय, वेदांची निंदा करतो तो नास्तिक. दोन्हीकडे ईश्वर नाहीये बघा. त्यामुळे दर्शनांच्या, म्हणजे आपल्याकडच्या तत्त्वज्ञानाच्या शाखांच्या, जुन्या हिशेबात मोठी गंमत होते, वेदांचा अर्थ लावणारे मीमांसक जगाचा कर्ता ईश्वर मानत नाहीत, त्यांच्यातल्या कुमारिल भट्टानं तर त्याच्याविरुद्ध चांगला कडक युक्तिवाद केलाय, पण वेद प्रमाण म्हणून ते आस्तिक. सांख्य दर्शनाचे जुने लोकही तसेच. आणि जैन रोज देरासरात जाऊन पूजा करतील, पुनर्जन्म मानतील, तरी वेद मानत नाहीत म्हणून नास्तिक दर्शनात. शिवाय जैन परंपरेत जग अनादी आहे, ते कुणी निर्माण केलेलं नाही, आणि एका जातीच्या जीवांपासून हळूहळू दुसरी जात तयार झाली असंही त्यात कुठे नाही. म्हणजे कर्ता देव नाही आणि उत्क्रांतीही नाही, हे दोन्ही हजारो वर्षं सुखानं एकत्र नांदलंय.

आज मराठीत आपण नास्तिक म्हणतो तो देव न मानणारा, हा अर्थ आता पक्का झालाय आणि तो चूक आहे असं मी म्हणणार नाही, शब्द बदलतात. फक्त अजून काटेकोर बोलायचं असेल तर निरीश्वरवादी म्हणा. पण यातला कुठलाही अर्थ घेतला तरी हा शब्द एकाच गोष्टीबद्दल बोलतो, माणूस काय नाकारतो त्याबद्दल. ते नाकारायला तो कुठल्या वाटेनं पोचला, वाचून, विचार करून, की घरातल्या कुणाच्या मरणानं चिडून, की पुजाऱ्यानं फसवलं म्हणून, याबद्दल शब्द गप्प आहे. आणि उत्क्रांती पटणं न पटणं हे सगळं त्या वाटेवर अवलंबून आहे.

इतिहासातही हेच दिसतं. डार्विनचं पुस्तक आलं १८५९ मध्ये, त्याच्या आधी युरोपात पक्के नास्तिक होऊन गेले, फ्रान्समध्ये बॅरन दॉलबाखनं १७७० मध्येच उघड नास्तिक ग्रंथ छापला (दुसऱ्याच्या नावानं, कारण पकडला गेला असता). त्यांच्यापुढे डार्विनची नैसर्गिक निवडीची कल्पना नव्हतीच, तरी ते नास्तिक होते. उलट बाजूनं बघा, खुद्द डार्विननं १८७९ च्या एका पत्रात लिहिलंय की माणूस कट्टर ईश्वरवादी असून उत्क्रांती मानणारा असू शकतो, यात शंका घेणंच त्याला वेडेपणाचं वाटतं, आणि स्वतःबद्दल त्यानं अज्ञेयवादी (देव आहे की नाही ते कळू शकत नाही असं म्हणणारा) हा शब्द जवळचा मानला. विसाव्या शतकातला मोठा उत्क्रांतिशास्त्रज्ञ दोब्झान्स्की, ज्याचं वाक्य सगळे सांगतात की उत्क्रांतीच्या उजेडाशिवाय जीवशास्त्रात कशाचाच अर्थ लागत नाही, तो ऑर्थोडॉक्स ख्रिश्चन होता आणि १९७३ च्या त्याच लेखात आपण सृष्टिकर्ता आणि उत्क्रांती दोन्ही मानतो असं तो लिहितो. माणसाचा सगळा डीएनए वाचून काढणाऱ्या मानवी जीनोम प्रकल्पाचे प्रमुख फ्रान्सिस कॉलिन्स हेही श्रद्धाळू ख्रिश्चन.

आणि ज्यांना वाटतं की देव बाजूला झाला की विज्ञान आपोआप येतं त्यांनी सोव्हिएत रशिया आठवावा. सरकार अधिकृतपणे नास्तिक, डार्विनचे गोडवेही गायचं, आणि तरी लायसेंको नावाच्या शेतीतज्ज्ञानं मेंडेलचं आनुवंशिकीशास्त्र भांडवलशाही थोतांड ठरवलं, १९४८ च्या ऑगस्टमध्ये ते अधिकृत धोरणच झालं, जेनेटिक्सवाल्यांच्या नोकऱ्या गेल्या. वाविलोव्ह हा वनस्पतिशास्त्रज्ञ, ज्यानं जगभर हिंडून पिकांच्या बियाण्यांचा संग्रह केला होता, त्याला १९४० मध्ये अटक झाली आणि १९४३ मध्ये तो तुरुंगात उपासमारीनं गेला. तिथे देव नव्हता पण पोथी होतीच, ती पक्षाची होती. मला हे उदाहरण फार महत्त्वाचं वाटतं.

आता काकांचा ‘कुणी पाहिलंय का’ हा मुद्दा. हाच मुद्दा जानेवारी २०१८ मध्ये औरंगाबादला तेव्हाचे केंद्रीय राज्यमंत्री सत्यपाल सिंह यांनी मांडला होता, की माकडाचा माणूस होताना आपल्या पूर्वजांनी पाहिल्याचं कुठे सांगितलेलं वा लिहिलेलं नाही, तेव्हा डार्विन चूक आहे आणि शाळेतून तो बदलला पाहिजे. तिन्ही राष्ट्रीय विज्ञान अकादम्यांनी एकत्र निवेदन काढून ते खोडलं. ते वैदिक संमेलनाला आलेले मंत्री आणि तुमचे काका देव न मानणारे, पण प्रमाण दोघांचं एकच, प्रत्यक्ष! डोळ्यांनी दिसलं तरच खरं. आणि आपल्याकडे प्रत्यक्ष सोडून दुसरं प्रमाण न मानणारे म्हणून कोण प्रसिद्ध आहेत, तर चार्वाक. म्हणजे नास्तिकांतले नास्तिक. कडक चार्वाक घेतला तर त्याला उत्क्रांती नाकारावीच लागेल, कारण उत्क्रांती उभी आहे अनुमानावर. (पुरंदर नावाच्या एका चार्वाकानं लौकिक व्यवहारापुरतं अनुमान चालेल असं म्हटल्याचे उल्लेख आहेत, पण ते असो.) म्हणून नास्तिक शब्दात उत्क्रांती येत नाही एवढंच नाही, एका प्रकारचं नास्तिकपण तिच्या आड येऊ शकतं.

अनुमान म्हणजे अंदाज नव्हे हे इथे सांगायला हवं, रोजच्या मराठीत आपण हवामानाचं अनुमान वगैरे म्हणून त्या शब्दाची पार वाट लावलीय. न्यायशास्त्रात, म्हणजे आपल्या जुन्या तर्कशास्त्रात, डोंगरावर धूर दिसला म्हणजे तिथे आग आहे, हे ज्ञान आहे, अंदाज नाही, आणि ते चुकू कसं शकतं याचीही शास्त्रकारांनी हेत्वाभास म्हणून तपशीलवार यादी केलीय. उत्क्रांतीचा धूर किती ठिकाणांहून येतो ते बघा. देवमासा घ्या, व्हेल. तो सस्तन, हवेत श्वास घेतो, पिल्लांना दूध पाजतो, म्हणजे त्याचे पूर्वज जमिनीवरचे असले पाहिजेत असं डार्विनच्या काळापासून वाटत होतं पण मधले प्राणी सापडत नव्हते. ते सापडले ते बरेचसे आपल्या बाजूलाच, कच्छमध्ये आणि पाकिस्तानात. आणि जम्मूकडच्या कालाकोटच्या खडकात रंगा राव या भारतीय भूशास्त्रज्ञाला इंडोहायस नावाच्या खूर असलेल्या छोट्या प्राण्याचे अवशेष मिळाले होते, सुमारे ४ कोटी ८० लाख वर्षांपूर्वीचे, त्यांनी गोळा करून ठेवलेले दगड पुढे फोडून तपासले तेव्हा त्या प्राण्याच्या कानाच्या हाडाची आतली बाजू अशी जाड निघाली, जशी एरवी व्हेलच्या कुळातच असते, म्हणजे तो व्हेलचा जवळचा नातलग. २००७ मध्ये ते प्रसिद्ध झालं. दरम्यान डीएनए तपासणाऱ्यांनी, त्यांचा दगडांशी काही संबंध नसताना, सांगितलेलं होतं की व्हेलचा सगळ्यात जवळचा जिवंत नातलग पाणघोडा, म्हणजे खूरवाल्यांपैकीच. एकमेकांशी संबंध नसलेल्या दोन वाटा एकाच घरी पोचतात तेव्हा त्याला नुसता अंदाज कसं म्हणायचं?

माणसाबद्दलही तसंच. चिंपांझी, गोरिला, ओरांगउटान या सगळ्यांची गुणसूत्रं ४८, आपली ४६. पूर्वज एक असेल तर दोन गुणसूत्रांचं एक जोड गुणसूत्र आपल्यात कुठेतरी असलंच पाहिजे, नसतं तर उत्क्रांतीवाल्यांची पंचाईत होती. ते सापडलं, आपलं दुसऱ्या नंबरचं. एरवी गुणसूत्राच्या टोकाला असणारा डीएनए त्याच्या मध्यावर आहे, आणि एरवी गुणसूत्राला सेंट्रोमिअर (पेशी दुभंगताना गुणसूत्र जिथे धरलं जातं ती जागा) एकच असतो, इथे मात्र दुसऱ्याचेही अवशेष आहेत. हे कुणी होताना पाहिलेलं नाही, पण झालेलं आहे.

आता तुमचा दुसरा प्रश्न, आणि खरं सांगायचं तर मला सगळा घोळ इथेच दिसतो, ‘मानणे’ या क्रियापदात. (आत्तापर्यंत मीही ते उत्क्रांतीला सर्रास लावलंय, कारण बोलताना तेच तोंडात येतं.) आपण विचारतो ‘देव मानता का’ आणि त्याच दमात ‘उत्क्रांती मानता का’, की लगेच दोघं एकाच पंगतीला बसले. पण मानणे म्हणजे काय ते वापरातून बघा: आभार मानणे, हार मानणे, वाईट मानणे, परकं मानणे, ‘मानलं बुवा तुला’. प्रत्येक ठिकाणी मानणारा आपल्याकडून काहीतरी देतो, आणि त्याच्या देण्यानंच ती गोष्ट उभी राहते. मी वाईट मानलं नाही तर वाईट वाटण्याचा प्रश्नच मिटला. आपली म्हणच आहे, मानला तर देव नाहीतर दगड. भाविक माणूस ही म्हण स्वतःच्या तोंडानं म्हणतो आणि त्याला त्यात काही कमीपणा वाटत नाही, त्याच्या भावाला महत्त्व आहे. मात्र टीबीचे जंतू औषधाला दाद देईनासे होतात, हीही उत्क्रांतीच, ते तुम्ही मानल्यानं किंवा न मानल्यानं थांबत नाहीत.

म्हणून माझं मत असं की उत्क्रांतीसाठी ‘पटणे’ वापरावं. ‘मला उत्क्रांती पटते.’ पटायला समोर काहीतरी मांडलेलं असावं लागतं, आणि विरुद्ध पुरावा आला तर पटेनासं होतं, हे दोन्ही त्या क्रियापदात आहेच. ‘मान्य आहे’ हेही चालेल, ते मानण्याच्याच घरातलं असलं तरी त्यात समोरच्याचं म्हणणं तपासून होकार दिल्याचा भाव येतो. ‘विश्वास आहे’ हे व्याकरणानं चूक नाही, विश्वास अनुभवावरही बसतो, डॉक्टरांवर बसतो आणि उडतोही. श्रद्धा मात्र इथे वापरू नका. श्रद्धा पुरावा मागत नाही आणि मागायचीही गरज नसते, आईवरच्या श्रद्धेला कुणी पुरावा मागितला तर आपण त्याच्या तोंडाकडे बघत राहू. ज्या गोष्टी तपासून ठरतात त्यांना श्रद्धा हा शब्द लावला की दोन्हींचं नुकसान होतं.

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे मान्य करायला हवी की आपल्यातल्या बहुतेकांना उत्क्रांती पटलीय ती शाळेच्या पुस्तकातून, म्हणजे शब्दप्रमाणावर, आप्तवाक्य म्हणून, जाणत्या माणसाच्या शब्दावर विसंबून. आपण काही कालाकोटला जाऊन दगड फोडलेले नाहीत. हे शब्दप्रमाण वेगळं एवढ्यासाठीच की त्याच्या मागे जाऊन तपासायची वाट उघडी आहे, तपासणाऱ्याला तिथे कुणी पाखंडी म्हणत नाही. आणि म्हणूनच २०२३ मध्ये एनसीईआरटीनं दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग काढला तेव्हा १८०० हून जास्त शास्त्रज्ञ, शिक्षकांनी पत्र लिहिलं, कारण बहुतेक मुलं दहावीनंतर जीवशास्त्र परत बघतच नाहीत, त्यांच्यासाठी ती वाट सुरू व्हायच्या आधीच बंद होते.

‘नुसती थिअरी’ बद्दल थोडं. हे वाक्य मराठीत करून बघा: ‘तो नुसता सिद्धांत आहे.’ जमतच नाही, कारण सिद्धांत म्हणजेच सिद्ध होऊन शेवटी ठरलेलं मत. थिअरी हा शब्द आपण उसना घेतला तो मित्राच्या अंदाजाला ‘तुझी काय थिअरी आहे’ म्हणतो त्या अर्थानं, आणि तोच सैल अर्थ डार्विनला चिकटवला. उत्क्रांतिवाद या शब्दातला ‘वाद’ पण मला खटकतो, साम्यवाद, गांधीवाद या रांगेत तो जाऊन बसतो आणि ऐकणाऱ्याला वाटतं हाही एक पंथ. गुरुत्वाकर्षणवाद आपण म्हणत नाही, मग उत्क्रांतीचा सिद्धांत म्हणावं. (वाद लावायचाच तर समासात ‘ति’ ऱ्हस्व.) उत्क्रांती हा शब्दही पूर्ण निर्दोष नाहीये, संस्कृतात उत्क्रान्ति म्हणजे प्राण शरीर सोडून निघणं, गीतेत ‘उत्क्रामन्तं स्थितं वापि’ आहे ते त्याच अर्थानं. मराठीत त्या ‘उत्’ मुळे वर वर चढत गेल्याचा भास होतो, पण गुहेतल्या माशांचे डोळे गेले आणि व्हेलचे मागचे पाय गेले ही उत्क्रांतीच. असो, शब्द आता रुळलाय, तो बदलायला नको, फक्त त्यात प्रगती वाचू नये.

तर काकांना काय म्हणायचं? नास्तिक म्हणा, निरीश्वरवादी म्हणा. आगरकरांपासून आपल्याकडे आणखी एक शब्द चालत आलाय, बुद्धिप्रामाण्यवादी, तो मात्र सध्या नका लावू, कारण तो निष्कर्षाबद्दल बोलत नाही, ठरवायच्या रीतीबद्दल बोलतो, आणि पुरावा न बघता नाकारणं त्या रीतीत बसत नाही. आणि पुढच्या वेळी ते ‘माकडाचा माणूस’ म्हणाले की त्यांना सांगा, आजच्या कुठल्याच माकडाचा माणूस झाला असं कुणीही म्हणत नाहीये. चिंपांझीचा आणि आपला पूर्वज एक, साधारण ६०-७० लाख वर्षांपूर्वीचा, तो आजचा चिंपांझीही नव्हता. मराठीत माकड आणि वानर हे दोन्ही शब्द शेपटीवाल्यांना आहेत, बिनशेपटीच्या गोरिला-चिंपांझी मंडळींना रोजच्या बोलण्यातला शब्दच नाही, कपी म्हणतात ते पुस्तकातच, त्यामुळे हा गैरसमज इंग्रजीपेक्षा मराठीत जास्त घट्ट बसतो आणि त्यात एकट्या काकांचा दोष नाही.