हिमालयन, एक्सपल्स की व्ही-स्ट्रॉम? वजन, पॉवर, टॉर्क यात आधी काय बघायचं?

भाऊ, तुम्ही लिहिलंय की उंची ५ फूट ५ इंच, वजन ६५ किलो, दर आठवड्याला शहादा-धुळे, रविवारी तोरणमाळ नाहीतर धडगाव, आणि कधीकधी बायको मागे. मनात तीन मोटरसायकली : सेकंडहँड रॉयल एनफिल्ड हिमालयन ४११, हिरोची एक्सपल्स २०० ४व्ही आणि सुझुकीची व्ही-स्ट्रॉम एसएक्स. वर मित्राचा आग्रह की सरळ हिमालयन ४५० घे, तिची पॉवर सगळ्यांत जास्त.

मित्राचं खोटं नाही. ४५० ची ४० अश्वशक्ती, व्ही-स्ट्रॉमची २६.५, ४११ ची साधारण २४ आणि एक्सपल्सची १९. पण एवढी पॉवर तुम्हाला लागते कुठे, ते आधी बघा. एक मेट्रिक अश्वशक्ती म्हणजे ७५ किलो वजन एका सेकंदात एक मीटर वर उचलणं. एक्सपल्स, तुम्ही दोघं आणि बॅग मिळून २९० किलोच्या आसपास. दहाला एक असा चढ (दहा मीटर पुढे गेलं की एक मीटर वर) ताशी ३६ किलोमीटरने, म्हणजे सेकंदाला १० मीटरने चढायचा, तर दर सेकंदाला १ मीटर उंची, म्हणजे चारच अश्वशक्ती. हवा, टायर, चेन यांचा वाटा धरून सहा-सात म्हणा. तोरणमाळचा घाट यातली कोणतीही गाडी चढते, कागदावर १९ आहे म्हणून घाबरू नका.

मोठ्या आकड्याची गरज हायवेला. हवेचा विरोध कापायला लागणारी पॉवर वेगाच्या घनाने वाढते : ताशी ८० वरून ११० वर गेलात की ती अडीचपटीहून जास्त होते. धुळ्याहून मुंबई-आग्रा रोडला लागून समोरून वारा आला, की एक्सपल्सचा दम तिथे संपतो.

घाटात गाडी रडते ती दुसऱ्या कारणाने. अवघड वळणावर पुढे एसटी किंवा लाकडं भरलेला ट्रॅक्टर, तुमचा वेग १५ वर, गाडी दुसऱ्या गियरला. आता ती उचलते की मरते? इथे टॉर्क, म्हणजे इंजिनाचा फिरवण्याचा जोर, किती यापेक्षा तो कितव्या आरपीएमला (इंजिनाचे मिनिटाला फेरे) येतो, हे वाचायचं. ४११ चे ३२ न्यूटन-मीटर ४००० ते ४५०० ला येतात. ४५० चे ४० येतात ५५०० ला, एक्सपल्सचे १७.३५ साडेसहा हजाराला आणि व्ही-स्ट्रॉमचे २२.२ थेट ७३०० ला. पॉवर म्हणजे टॉर्क गुणिले आरपीएम, भागिले साधारण ७०२०. या हिशेबाने ४११ सव्वाचार हजाराला १९ अश्वशक्ती देऊन मोकळी होते. एक्सपल्सला तीच १९ गाठायला इंजिन ८५०० पर्यंत ओरडवावं लागतं. लोक ४११ ला ढोली म्हणतात खरे, पण डबलसीट घाटात तिच्यासारखी निवांत गाडी या भावात मिळत नाही.

अर्थात छोट्या इंजिनाला कंपनी गियर आखूड देते (चाकाच्या एका फेऱ्याला इंजिन जास्त फिरतं), म्हणून चाकापाशी येणारा जोर आकड्यांइतका कमी नसतो. फक्त गियर वेळेवर पाडावा लागतो. हाफ क्लचवर ओढत नेण्याची सवय असेल तर क्लच प्लेटा लवकर जातील.

आता वजन. ब्रोशरमधलं कर्ब वेट (पेट्रोल-ऑइल भरून) घ्या, ड्राय वेट (त्याशिवायचं) नको. पेट्रोल लिटरला पाऊण किलो भरतं, म्हणजे १७ लिटरच्या टाकीत पावणेतेरा किलो लपलेले असतात. एक्सपल्स १५९ किलो, व्ही-स्ट्रॉम १६७, ४५० आहे १९६ आणि ४११ आहे १९९. नुसत्या गाडीचा भागाकार केला तर एक्सपल्स आणि ४११ दोन्ही १०० किलोमागे १२ अश्वशक्तीवर, बरोबरीत. त्यावर तुम्ही दोघं आणि बॅग असे १३० किलो चढवा : ४११ ला ७.३, एक्सपल्सला ६.६. माणसांचं वजन हलक्या गाडीला जास्त बोचतं. इंटरनेटवरच्या बहुतेक तुलना माणूस न बसवताच केलेल्या असतात, ते काही कळत नाही मला.

गाडी आडवी पडली की मात्र सगळा हिशेब उलटतो. पावसाळ्यात आपल्या काळ्या मातीच्या पांदणीत १९९ किलो एकट्याने उचलून बघा, दुसऱ्या दिवशी कंबर सांगेल. चिखल टायर आणि मडगार्डमध्ये भरून चाक जाम होतं. एक्सपल्सचं पुढचं मडगार्ड उंच असल्याने ती सुटते, व्ही-स्ट्रॉमचं टायरला लागून असल्याने अडकते. सीटची उंचीही धरा : ४११ ची ८०० मिलिमीटर, एक्सपल्स आणि ४५० ची ८२५, व्ही-स्ट्रॉमची ८३५. तुमच्या उंचीला ४११ वर पाय नीट टेकतील, म्हणून तिचं वजन उभ्या गाडीत तेवढं जाणवत नाही.

माझं मत विचाराल तर व्ही-स्ट्रॉम घ्या. तुमचे बहुतेक किलोमीटर डांबरीवरचे आहेत, दोघं बसूनही तिला १०० किलोमागे ८.९ अश्वशक्ती उरते, आणि ट्यूबलेस टायरमुळे धडगावच्या वाटेवर पंक्चर झालं तरी हाल होत नाहीत. रोज शेतात जायचं असतं तर एक्सपल्स म्हटलं असतं. ४११ घ्यायचीच झाली तर आधी ओळखीच्या मेकॅनिकला दाखवा. ४५० छानच आहे, पण तिची ४० अश्वशक्ती शहादा-दोंडाईचा रस्त्यावर वापरणार कुठे?

टेस्ट राइडला वहिनींना सोबत न्या. चढ शोधा, दुसऱ्या गियरला वेग १५ वर आणा आणि क्लच न दाबता थ्रॉटल द्या. मग चढावरच उभं राहून गाडी पायाने मागे ढकलून बघा. शोरूमवाला सपाट रस्त्यावरच फिरवून आणत असेल तर दुसरा शोरूम बघा.