जाम झालेलं हब बेअरिंग: घाव कुठे घालायचा?

प्रश्न: माझ्या फोर बाय फोर गाडीच्या पुढच्या चाकातून घरघर येते, म्हणून हब बेअरिंग (चाक ज्यावर फिरतं ते) बदलायला घेतलं. एक्सलचा नट सुटला, नकलच्या (हब ज्यात बसतं त्या भागाच्या) मागचे तिन्ही बोल्टही निघाले, पण हब जागचं हलत नाही. गंज सोडवणारं तेल मारून झालं. आता स्लाइड हॅमर (सरकत्या वजनाच्या हिसक्याने ओढणारं अवजार) लावून ओढू का?

उत्तर: स्लाइड हॅमर आधी नको. तुमच्या गाडीत हब आणि बेअरिंग मिळून एकच युनिट आहे. चाक ज्या फ्लँजवर (तबकडीवर) बसतं ती बेअरिंगच्या आतल्या भागाला जोडलेली असते आणि नकलच्या भोकात गंजून बसतो तो बाहेरचा भाग. फ्लँज ओढली की सगळा हिसका बेअरिंगमधून जातो, युनिट मधूनच सुटतं आणि बाहेरचं कवच नकलमध्येच राहतं. जोर लावायचा तो थेट या कवचावर, मागून. बोल्टचे आटे त्याच कवचात असल्यामुळे तो मार्ग आयताच मिळतो.

सुरुवात एक्सलपासून करा. शाफ्ट हबच्या खाचांमध्ये मोकळा सरकतो का, ते पाहा. अडकला असेल तर फ्लँजला पुलर (स्क्रूच्या जोराने ढकलणारं अवजार) लावून शाफ्ट आत ढकला. शाफ्टच्या टोकावर हातोडा मारू नका. टोक पसरून आटे बिघडतात आणि घाव आतल्या जॉइंटला बसतो. कॅलिपर तारेने टांगून ठेवा, ब्रेकच्या नळीवर लोंबकळू देऊ नका. एबीएस सेन्सरची वायर सोडवून बाजूला घ्या.

मग बोल्ट पुन्हा लावा, पण पूर्ण आवळू नका. डोकं आणि नकल यांच्यात ५-६ मिलिमीटर फट ठेवा. निम्मे तरी आटे हबमध्ये राहायला हवेत, नाहीतर ते घावाने उखडतात. डोक्यावर नेमक्या मापाचं सॉकेट आणि एक्स्टेन्शन बसवून त्याच्या टोकावर दीड-दोन किलोच्या हातोड्याने ठोका. एका बोल्टवर तीन-चार घाव झाले की दुसरा, मग तिसरा. एकाच बोल्टवर ठोकत राहिलात तर हब तिरकं होऊन आणखी घट्ट बसतं, आणि बहुतेक लोक नेमके इथेच अडकतात. मधूनमधून सांध्यात तेल सोडा. नुसतं ओतलेलं तेल गंजात फार आत जात नाही, हादऱ्यांनी बारीक भेगा पडल्या की ते मुरतं. हब सरकलं की बोल्टचं डोकं नकलला टेकेल. मग बोल्ट थोडा सोडून पुन्हा तेच. हे बोल्ट परत वापरू नका, जोडणीला नवे घ्या.

एवढ्यानेही हाललं नाही आणि एक्सल सॉलिड असेल, म्हणजे दोन्ही चाकांमध्ये एकच ताठ एक्सल असेल, तर स्टिअरिंगची ताकद वापरता येते. बोल्टवरच्या सॉकेट-एक्स्टेन्शनचं दुसरं टोक एक्सलच्या पक्क्या भागावर टेकवा आणि इंजिन चालू ठेवून, ती फट मिटेल त्या बाजूला स्टिअरिंग हळू फिरवा. पुढचा बोल्ट झाला की मागचा. गाडी स्टँडवरच हवी, निव्वळ जॅकवर नको. एक्स्टेन्शन निसटलं तर गोळीसारखं उडतं, त्यामुळे चाकाजवळ कोणी थांबू नये. स्टिअरिंग अडलं की लगेच सोडा, रेटून धरलं तर पंप आणि टाय रॉडवर ताण येतो.

नकल ॲल्युमिनियमचं असेल तर उष्णता चांगली कामाला येते, कारण ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावतं. मात्र आधी तेल पूर्ण पुसून काढा, ते पेट घेतं. बॉल जॉइंटची रबरंही जपा.

प्रश्न: माझ्या जुन्या गाडीत टेपर रोलर बेअरिंग आहेत. हब निघालं, पण आतली रिंग स्पिंडलवर (हब ज्यावर फिरतं त्या स्थिर दांड्यावर) चिकटून राहिली. ती कशी काढू?

उत्तर: ग्राइंडरने रिंगला आडवी, स्पिंडलच्या लांबीच्या दिशेने खाच पाडा. आरपार कापू नका, तळाशी पातळ थर ठेवा, म्हणजे स्पिंडलला ओरखडा जात नाही. खाचेत छिन्नी ठेवून एक जोरदार घाव घातला की रिंग तडकते. हे पोलाद ठिसूळ असतं, कपचे उडतात, चष्मा हवाच. हबमधली बाहेरची रिंग निघत नसेल तर तिच्या आतल्या बाजूने वेल्डिंगचा एक टाका गोल फिरवा. थंड होताना रिंग आकसते आणि बऱ्याचदा हातानेच निघते.

प्रश्न: नवं हब पुन्हा जाम होऊ नये म्हणून काय करावं?

उत्तर: नकलचं भोक आणि टेकण्याची बाजू वायर ब्रशने चकचकीत होईपर्यंत घासा. गंजाचा कण राहिला तर हब तिरकं बसतं आणि बेअरिंग लवकर जातं. भोकात अँटी-सीझचा (भाग जाम होऊ न देणाऱ्या लेपाचा) पातळ हात द्या, सेन्सरच्या तोंडापासून दूर. एक्सलचा नट नवा वापरा आणि गाडीच्या पुस्तिकेतल्या आकड्याप्रमाणे टॉर्क पान्याने आवळा. नट पूर्ण आवळल्याशिवाय चाकावर गाडीचं वजन टाकू नका. त्या नटाच्या दाबावरच युनिटच्या आतल्या रिंगा एकत्र धरलेल्या असतात, आणि सैल नटावर गाडी थोडी ढकलली तरी नवं बेअरिंग खराब होऊ शकतं.