जॉइस वेदरेडने हौशी गोल्फर म्हणून नेमकं काय जिंकलं आणि ऐन भरात असताना स्पर्धा का सोडल्या?

'काय जिंकलं' हे दोन ओळींत संपतं, ते आधी उरकू. इंग्लिश महिला अजिंक्यपद 1920 ते 1924, सलग 5 वेळा; त्या स्पर्धेत ओळीने 33 सामने जिंकले, हार एकही नाही. ब्रिटिश महिला हौशी अजिंक्यपद 4 वेळा: 1922 ला सँडविचजवळच्या प्रिन्सेस मैदानावर, 1924 ला पोर्टरश, 1925 ला ट्रून आणि 1929 ला सेंट अँड्र्यूज. तिथे 38 सामन्यांत 36 विजय. हरली ती 1921 च्या अंतिम सामन्यात सेसिल लीचकडून आणि 1923 च्या उपांत्य फेरीत.

आता चीड येते ती कशाची, ते सांगतो. वेदरेडचं नाव निघालं की लोक दोनच गोष्टी काढतात. एक, शेरिंगहॅमची आगगाडी. दुसरी, अमेरिकेचा दिग्गज गोल्फर बॉबी जोन्स याने केलेलं कौतुक. जणू या बाईला स्वतःचा स्कोअर नव्हताच, एक किस्सा आणि एका पुरुषाचं प्रशस्तिपत्रक एवढीच काय ती मिळकत!

आगगाडीचा किस्सा सगळ्यांना पाठ असतो. 1920 च्या इंग्लिश अजिंक्यपदाच्या अंतिम सामन्यात, शेरिंगहॅमला, 17व्या ग्रीनवर (भोकाभोवतीच्या बारीक कापलेल्या हिरवळीवर) ती पट, म्हणजे चेंडू भोकात ढकलायचा हलका फटका, मारत असताना शेजारून गाडी धडधडत गेली, पट आत गेला, नंतर कुणी गाडीबद्दल विचारलं तर ही म्हणते, 'कुठली गाडी?' छान आहे. पण त्या पटच्या आधी काय झालं होतं? समोर सेसिल लीच होती. वय 29, त्या काळची निर्विवाद पहिल्या क्रमांकाची खेळाडू, फटका पुरुषी ताकदीचा. वेदरेड 18 वर्षांची, मैत्रिणीला सोबत म्हणून स्पर्धेला आलेली. 36 होलांच्या (18 होलांच्या मैदानाच्या दोन फेऱ्यांच्या) सामन्यात 20 होल झाले तेव्हा लीच 6 अप, म्हणजे 6 होलांनी पुढे होती. सामना संपला 35व्या होलला (दुसऱ्या फेरीच्या 17व्याला), वेदरेड 2 अँड 1: 2 होलांची आघाडी, 1 होल बाकी. म्हणजे 15 होलांत 8 होलांचा फरक भरून काढला, तोही लीचसारखीविरुद्ध. मॅच प्ले (एकेक होल जिंकत जायचा प्रकार) खेळलेल्याला याचा अर्थ सांगावा लागत नाही. कौतुक या हिशेबाचं व्हायला हवं, गाडीचं कसलं करता?

लीचशी हिशेब पुढेही चालूच राहिला. 1921 ला लीचने टर्नबेरीला हरवलं. 1922 ला वेदरेडने 9 अँड 7 असा धुव्वा उडवला. 1925 ला ट्रूनला 36 होल बरोबरीत सुटले आणि 37व्या होलला वेदरेड जिंकली. त्याच स्पर्धेत आधीच्या फेरीत तिने अमेरिकेच्या ग्लेना कॉलेटला काढलं होतं.

त्यानंतर तिने अजिंक्यपदाच्या स्पर्धा सोडल्या. दुखापत नव्हती, भांडण नव्हतं. अंतिम सामन्याचा ताण तिला आतून पोखरायचा आणि जिंकण्याची हाव मुळात कमी होती. बाहेरून बर्फासारखी थंड दिसणारी माणसं आतून तशीच असतात असं नाही. तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं एवढं उत्तर पुरे, कारण 1929 ला ती परत का आली हे त्याहून महत्त्वाचं आहे: स्पर्धा सेंट अँड्र्यूजच्या जुन्या मैदानावर होती, म्हणून. बस्स.

तो 1929 चा अंतिम सामना माझ्या मते महिला गोल्फमधला आजवरचा सर्वांत थोर सामना आहे. कॉलेटने सकाळी पहिले 9 होल 34 फटक्यांत काढले आणि 11 होल होईतो ती 5 अप होती. अशा वेळी बहुतेक जण काय करतात? पिन (भोकातला झेंडा) गाठायला धावतात, बंकरात (वाळूच्या खड्ड्यात) जातात, आणखी 2 होल घालवतात. वेदरेडची पद्धत वेगळी होती. ती समोरच्या खेळाडूशी खेळायचीच नाही, मैदानाच्या स्कोअरशी खेळायची. 4 फटक्यांचा होल असेल तर 4 काढायचे, समोरच्याने 3 काढला तर होल त्याचा, पुढे चला. 34 चा वेग कुणी दिवसभर टिकवू शकत नाही, हे ती जाणून होती. जेवणापर्यंत पिछाडी 2 वर आली, दुपारी पहिल्या 9 होलांतच चित्र उलटलं. कॉलेट शेवटी पुन्हा झुंजली, पण 17व्याला, म्हणजे प्रसिद्ध रोड होलला, 3 अँड 1 वर खेळ आटोपला. या होलला उजवीकडे हद्दीबाहेर, ग्रीनच्या पोटात खोल बंकर, मागे रस्ता आणि दगडी भिंत. पिछाडीवर असलेल्याला तिथे धोका पत्करावाच लागतो, आघाडीवर असलेल्याला फक्त चूक टाळायची असते. (ज्या मैदानावर हे घडलं, तिथल्या प्रमुख क्लबने बायकांना सभासदत्व द्यायचं ठरवलं 2014 मध्ये. असो.)

आणखी एक गोष्ट लोक विसरतात. हे सगळं हिकरीच्या लाकडी दांड्यांवर झालं. ब्रिटनमध्ये स्टीलच्या शाफ्टला परवानगी मिळाली 1929 च्या अखेरीस. हिकरी नुसती वाकत नाही, पिळली जाते. वरून घाईने खाली ओढलं की दांडा पिळतो, क्लबचा (गोल्फच्या काठीचा) चेहरा मागे उघडा राहतो आणि चेंडू उजवीकडे पळतो. त्यामुळे ताकदीपेक्षा लय आणि तोल लागतो. वेदरेडचे पाय जवळजवळ, उंची चांगली, आणि फटक्याच्या शेवटी तोल इतका पक्का की धक्का दिला तरी हलणार नाही.

'लांब मारा, बाकीचं नंतर बघू' म्हणणाऱ्यांशी माझा वाद जुना आहे, तेव्हा हे त्यांच्यासाठी. 7 नंबरचं आयर्न घ्या, दोन्ही पावलं चिकटवा, अर्ध्या ताकदीने 20 चेंडू मारा आणि चेंडू जमिनीवर टेकेपर्यंत शेवटच्या स्थितीत थांबा. पुढे बोटांवर कोसळलात तर खांदे आधी फिरले, हात मागे राहिले. उजव्या पायावर मागे पडलात तर चेंडू उचलायचा प्रयत्न केला. फटका चेंडूच्या माथ्यावर बसणार किंवा आधी माती खाणार. तोल जाईनासा झाला की पाय एक-एक वीत फाकवत न्या. ड्रायव्हरला, म्हणजे लांब फटक्याच्या क्लबला, हात त्यानंतर. हे डावरे असाल तर उलट धरा.

जोन्सचं म्हणाल, तर 1930 ला सेंट अँड्र्यूजलाच तो तिच्याबरोबर खेळला, दोघंही मागच्या टीवरून (सर्वांत लांबच्या सुरुवातीच्या जागेवरून), आणि तिने 75 च्या आसपास फटके घेतले. त्याचं कौतुक प्रामाणिक होतं, तक्रार त्याच्याविषयी नाही. पण वॉरप्लस्डनच्या मिश्र फोरसम्सचा (स्त्री-पुरुष जोड्यांच्या स्पर्धेचा) पुरावा मला जास्त भक्कम वाटतो. तिथे जोडीला एकच चेंडू, फटके आळीपाळीने. 1922 ते 1936 मध्ये ती 8 वेळा जिंकली, 7 वेगवेगळ्या जोडीदारांबरोबर. त्यात भाऊ रॉजर होता, साठीकडे झुकलेले गोल्फ-लेखक बर्नार्ड डार्विनही होते. जोडीदार बदलत गेला, विजेती तीच.

आता दुसरी बाजू. हौशी गोल्फ तेव्हा सुखवस्तू घरांचा खेळ होता. स्कॉटलंडात डॉर्नॉकला सुट्ट्या, ऑक्सफर्डचा भाऊ सराव करायला, हे सगळ्यांना मिळत नव्हतं. तेव्हा आजच्या खेळाडूंशी तिची थेट तुलना करू नका. पैशांची ओढाताण झाली तेव्हा तिने लंडनच्या फोर्टनम अँड मेसनच्या गोल्फ विभागात नोकरी धरली आणि हौशीपण गेलं. 1932 च्या पहिल्या कर्टिस कपला (ब्रिटन विरुद्ध अमेरिका, हौशी महिलांची सांघिक स्पर्धा) ती ब्रिटनची कर्णधार होती (कॉलेटला तिथे 6 अँड 4 ने हरवलं, संघ मात्र हरला), आणि 1935 ला ती पैसे घेऊन अमेरिकेचा दौरा करत होती. हौशी दर्जा पुढे परत मिळाला, पण त्या दौऱ्यातले स्कोअर हौशी कारकिर्दीच्या यादीत मिसळू नका. वॉरप्लस्डनचं 1936 चं जेतेपदही दौऱ्यानंतरचं आहे, त्याचं काय करायचं ते तुम्ही ठरवा.