सातबारा राहू द्या, आधी हिशोब मांडू

‘पोरीला परदेशात शिकवायचं तर शेत विकावं लागणार का?’ उसाची बिलं जमा व्हायला लागली की हा प्रश्न माझ्याकडे हमखास येतो. यंदा कागल तालुक्यातले एक शेतकरी मुलीला घेऊन आले (ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदललेत). मुलगी मेकॅनिकल इंजिनिअर, जर्मनीत मास्टर्स करायचं तिच्या मनात पक्कं होतं. वडिलांनी खुर्चीत टेकायच्या आत सातबारा टेबलावर ठेवला. “दीड एकर हाय मॅडम. गिऱ्हाईक बी बघून ठेवलंय. बारा लाख फी हाय म्हणं.”

“पप्पा, मी कधी म्हणलो शेत विका म्हणून?” मुलगी उखडलीच.

बारा लाख म्हटल्याबरोबर घोळ कुठं झालाय ते कळलं. ती फी नव्हतीच. जर्मनीतल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणी फी घेत नाहीत, सहामाहीला थोडी वर्गणी असते. अपवाद आहेत: बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्यात आपल्या मुलांना सहामाहीला १,५०० युरो पडतात, म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठानंही २०२४ पासून फी लावली आहे. पण व्हिसासाठी वर्षभराच्या राहण्या-जेवणाची सोय दाखवावी लागते. बहुतेक मुलं त्यासाठी ब्लॉक्ड अकाउंट उघडून ११,९०४ युरो भरतात. हेच ते बारा लाख. खातं मुलीच्याच नावावर, तिथं पोचल्यावर दरमहा ९९२ युरो तिला काढता येतात. व्हिसा नाकारला तर रक्कम परत मिळते.

“म्हंजे पैसा आपलाच ऱ्हातोय?”

आपलाच, पण भाड्यात आणि जेवणात संपणारा, हेही मी त्यांना सांगितलं. दुसऱ्या वर्षाचं काय, हे तेव्हाच विचारून घ्यावं. वर्षाला १४० पूर्ण दिवस काम करता येतं खरं, पण जर्मन बोलता येत नसेल तर पहिल्या सहामाहीत त्या कमाईवर भिस्त ठेवू नये.

आता जमीन. सातबारा घेऊन बँकेत गेलात तर मॅनेजर चहा पाजेल, तारण म्हणून तो कागद घेईलच असं नाही. थकलेलं कर्ज कोर्टात न जाता वसूल करायचा बँकांचा २००२ चा कायदा शेतजमिनीला लागू नाही, म्हणून त्यांना फ्लॅट, एनए प्लॉट किंवा मुदत ठेव बरी वाटते. साडेसात लाखांपर्यंत सरकारी बँका सहसा तारण मागत नाहीत, मात्र सह-अर्जदाराचं उत्पन्न बघतात. इथं शेतकऱ्याची अडचण होते. उत्पन्न असतं, पण शेतीवर आयकर नसल्यानं रिटर्न भरलेलं नसतं. मुलीचा मामा प्राथमिक शिक्षक आहे, पगार खात्यावर येतो. त्याला सोबत घ्या म्हटलं, तर वडील गप्प. मेव्हण्यापुढं हात पसरायचा त्यांना कमीपणा वाटत होता. हा भाग कुठल्याच फॉर्ममध्ये नसतो, आणि अर्धा तास त्यावरच गेला. शेवटी मुलीनंच मामाला फोन लावला.

राज्याची परदेश शिष्यवृत्तीही पाहिली. तिथं जागतिक क्रमवारीतल्या पहिल्या दोनशेतलं विद्यापीठ लागतं, तिनं निवडलेली त्यात नव्हती.

बाकी सगळा क्रमाचा प्रश्न. आधी एपीएस प्रमाणपत्र, म्हणजे पदवीची कागदपत्रं खरी असल्याचा तपासणी दाखला; नोव्हेंबर २०२२ पासून भारतीय विद्यार्थ्यांना ते सक्तीचं आहे. मग विद्यापीठांचे अर्ज, मग प्रवेशपत्र, मग कर्जमंजुरी, आणि ब्लॉक्ड अकाउंट सगळ्यात शेवटी. प्रवेशपत्र हातात नसताना गिऱ्हाईक बघायची घाई कशाला?

साडेसात लाखांचं कर्ज मंजूर झालं. हप्ता शिक्षण संपल्यावर वर्षभरानं सुरू होईल, पण व्याज पहिल्या दिवसापासून चढतं. तेवढं दर वर्षी उसाच्या बिलातून भरत जा म्हटलं, ते त्यांना लगेच पटलं. राहिलेल्या साडेचार-पाच लाखांसाठी पतसंस्थेतली ठेव मोडायची की आत्याकडून घ्यायचे, यावर घरात अजून वाद चालू आहे. माझं मत ठेव मोडा असं आहे. आत्याचे पैसे दुसऱ्या वर्षाला लागतील.