धुतल्यावर हात मऊ, तासाभराने कातडी खेचते

प्रश्न: आमच्याकडे रोज मासळी, त्यामुळे दिवसातून कितीतरी वेळा हात धुणं होतं. नवा हँडवॉश आणलाय, बाटलीवर 'माइल्ड, डर्मेटॉलॉजिकली टेस्टेड' असं लिहिलंय. धुतल्यावर हात मऊ लागतात, पण तासाभरात कातडी खेचायला लागते. गोव्याच्या एवढ्या दमट हवेत कातडी सुकतेच कशी? आणि टेस्ट म्हणजे नेमकं काय करतात?
— एक वाचक, फोंडा

उत्तर: ताई, धुतल्या धुतल्या जो मऊपणा लागतो ना त्याच्यावर जाऊ नका, तेव्हा वरच्या थरात नळाचं पाणी मुरलेलं असतं, ओल मोजायचं मशीन लावलं तरी आकडा चढाच येणार. ते पाणी उडून जातं आणि साबणाने कातडीचं तेल आणि पाणी धरून ठेवणारे घटक आधीच नेलेले असतात, मग हवा कितीही दमट असू दे, खेचतंच. म्हणून नीट टेस्ट करणारे काही तास थांबून मोजतात, आणि रोज धुवून काही दिवसांनी परत.

मशीनं मुख्य दोन. कॉर्निओमीटर कातडीवर टेकवायचा, तो विजेच्या गुणधर्मावरून वरच्या थरात ओल किती ते सांगतो. टेवामीटर कातडीतून वाफ होऊन किती पाणी बाहेर पडतं ते मोजतो, कोपराखालच्या निरोगी कातडीवर साधारण दर चौरस मीटरला तासाला ५ ते १० ग्रॅम. साबणाने कातडीची भिंत बिघडवली की हा आकडा वाढतो. खोली २०-२२ डिग्री, आर्द्रता ४० ते ६० टक्के, आणि आधी उघड्या हाताने थोडा वेळ नुसतं बसायचं. आपल्याकडे जुलैत बाल्कनीत बसून मोजलं तर घामच मोजला जाईल!

लालसरपणा, खवले, भेगा मात्र अजून डोळ्यांनी बघूनच मार्क देतात. १९७९ मध्ये फ्रॉश आणि क्लिगमन या स्किनच्या डॉक्टरांनी ८ टक्के साबण असलेलं पाणी छोट्या डब्यांत भरून लोकांच्या हाताला कोपराखाली पाच दिवस रोज चिकटवलं होतं, काही साबणांनी हात चांगलेच लाल केले, काहींनी फारसं काही नाही. बाटलीवरच्या 'टेस्टेड'मधून यातलं काय केलं आणि निकाल काय लागला हे कळत नाही. साबणाच्या वेष्टनावर टीएफएम ७६ टक्के बघूनही माइल्ड समजू नका, तो साबणातल्या एकूण फॅटी मॅटरचा, म्हणजे तेलकट अंशाचा आकडा, कातडीवर काही मोजलेलं नसतं.

घरी करायचं तर एका हाताला कोपराखाली जुना साबण, दुसऱ्याला नवा हँडवॉश, आठवडाभर, तिथे क्रीम-खोबरेल काही नाही. संध्याकाळी नखाने हलकी रेघ ओढा, जिथे ती पांढरी पिठाळ उमटेल ती बाजू जास्त कोरडी.

आणि बांगडे साफ केल्यावर भांड्याच्या वडीने हात घासत असाल तर ते आजच बंद करा, त्यात सोडा असतो. वासाला आमसुलाचं पाणी पुरतं, पण भेगा पडल्या असतील तर झोंबेल, आधी स्किनच्या डॉक्टरला दाखवा.